मोडकी वस्तू आणल्याशिवाय आत येऊ नये

३ जानेवारी, सोमवार

आज घरात आलं ते: धुण्याचा साबण चार वड्या, बारा रुपये. दिव्याचं तेल अर्धा लिटर, बावीस. वातींचा कापूस, दोन. ही वही, सात. खिळे पाव किलो, नऊ.

खिळे मी मागवले नव्हते. ह्यांनी आणले. कशाला, असं विचारलं तर "लागतील" म्हणाले. चार दिवसांत कानावर पडलेला हा एकच शब्द, तोही खिळ्यांबद्दल.

गिरणीच्या फाटकावर वजनकाट्याचे कारकून म्हणून ह्यांनी चौतीस वर्षं काढली. ट्रक काट्यावर चढायचा, हे आकडा लिहायचे, ट्रक उतरायचा. गेल्या मार्चपासून आकडा यंत्रच लिहितं आणि हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. पाचला उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, कामावर निघाल्यासारखे तयार होतात आणि बसतात. मी केर काढायला आले की पाय वर घेतात, दिवसभरात एवढीच काय ती हालचाल. मी म्हटलं, पोथी वाचा, देवाचं नाव घ्या, मन रमेल. एक दिवस वाचली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पोथी मिटून तिची जाडी बोटांनी मोजत बसलेले.

विसराळूपणाही वाढला आहे. गेल्या बुधवारी घड्याळ, पाकीट आणि चष्मा, तिन्ही फळीवर ओळीनं मांडून तसेच फिरायला गेले. परतले दुपारी दोनला, सदरा भुशानं माखलेला. म्हणाले, "एकाला कपाट उचलायला हात दिला." परक्याचं कपाट उचलता येतं. घरातली बादली उचलायची म्हटलं की पाठ दुखते.

५ जानेवारी, बुधवार

भुशाचा उलगडा शेजारणीनं केला. कपडे वाळत घालताना म्हणाली, "ताई, तुमचे साहेब वाचनालयामागच्या खोलीत दिसले. हातात करवत होती."

दवाखान्यातला जुना कंपाउंडर रिटायर झाला, त्यानं तिथं म्हणे कारखाना काढला आहे. कारखाना कसला, म्हाताऱ्यांची बालवाडी. सात-आठ जण जमतात, मोडकंतोडकं दुरुस्त करतात. फी नाही, पगार नाही, देवाचं नाव नाही. "मग करतात काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "ठोकतात." रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय.

दारावर म्हणे पाटी आहे: मोडकी वस्तू आणल्याशिवाय आत येऊ नये.

८ जानेवारी, शनिवार

आज ह्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. मला वाटलं, भाजीबद्दल काही म्हणतील. तर, "घरात काही मोडकं आहे का गं?"

मी म्हटलं, "माझ्या घरात मोडकं काही नाही."

आणि खरंच नाही. बादलीची कडी सुटली तेव्हा मीच तार ओढून बसवली. छत्रीची काडी, चाळणीची जाळी, कढईचा कान, सगळं वेळच्या वेळी. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. या घरातून भंगारात गेलेल्या वस्तू चार, आणि त्या चारही मला तारीखवार सांगता येतील. बाईच्या हातात बरकत असते म्हणतात, ती अशी असते.

हे ऐकून त्यांनी "शाबास" म्हणायला हवं होतं. ते उठून घरभर फिरले. पलंगाखाली वाकून पाहिलं, माळ्यावर पाहिलं. किल्ली हरवल्यासारखं तोंड करून पुन्हा खुर्चीत येऊन बसले. दिवसभर बसूनच होते.

११ जानेवारी, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय निखळला. चौदा वर्षांचं स्टूल, कधी कुरकुरलं नाही. मी खिळा शोधेपर्यंत हे चपला घालून, स्टूल बगलेत मारून दाराबाहेर. इतके चपळ मी ह्यांना गेल्या मार्चपासून पाहिले नव्हते.

दुपारी घेऊन आले. काम चांगलं झालंय, खोटं कशाला लिहू. पण जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काही नाही." जे तिथं हसण्यासारखं होतं ते इथं सांगण्यासारखं नव्हतं.

२० जानेवारी, गुरुवार

स्टुलानंतर कपाटाच्या खणाची मूठ. मुठीनंतर कपडे वाळत घालायची काठी, मधोमध. परवा इस्त्रीच्या टेबलाचा पाय. आज भिंतीवरचं घड्याळ, गिरणीनं निरोपाला दिलेलं, साडेदहाला थांबलं ते थांबलंच.

एकोणतीस वर्षांत चार, आणि नऊ दिवसांत पाच. घराला कुणाची तरी दृष्ट लागली. रोजच्या एका माळेच्या जागी तीन माळा जप धरला आहे.

शेजारीण म्हणाली, "ताई, दृष्टबिष्ट काही नाही. तिथले लोक कच्चं काम करत असणार, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं." पण दुरुस्त झालेलं एकही परत मोडलेलं नाही. मोडतंय ते रोज नवीनच. हे तिला सांगितलं नाही. तिच्या म्हणण्यात राग धरायला सोय होती.

२९ जानेवारी, शनिवार

आज जाऊन आले.

वाचनालयाला वळसा घालून मागं गेलं की पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली. दाराला अजून वीस पावलं होती तेव्हा ह्यांचा आवाज आला. मी थांबले. तो आवाज इतका मोठा असतो हे मी विसरले होते.

हे सांगत होते, "तो ड्रायव्हर रिकाम्या ट्रकचं वजन करताना शेजारी बायकोला बसवायचा आणि भरलेल्याच्या वेळी तिला फाटकाबाहेर उतरवायचा. तीन महिने मी तिचं वजन मालातून वजा करत होतो. चौथ्या महिन्यात ती बारीक झाली, तेव्हा हिशेब चुकला आणि पकडला गेला."

सगळे खदखदून हसले. ही गोष्ट मी कधी ऐकलेली नाही. तीन महिने, बायकोचं वजन, आणि बायकोलाच पत्ता नाही.

मी दारात उभी राहिले आणि आतला आवाज नळ बंद केल्यासारखा थांबला. भिंतीला लागून लांबच लांब फळी, आणि सगळे बाप्ये भिंतीकडं तोंड करून ओळीत उभे. कुणाचं तोंड कुणाकडं नाही. आपल्या हातातल्या लाकडाशी बोलावं तसं बोलत होते. हे ओळीत शेवटचे. मला पाहून ह्यांनी मान खाली घातली, चोरी सापडल्यासारखी.

कंपाउंडर पुढं आला. ठेंगणा, कानावर पेन्सिल. "या वहिनी. काय मोडलंय?"

"काही मोडलेलं नाही. जे मोडतंय ते तुम्ही हे दुकान काढल्यापासून मोडतंय."

"मग आत घेता येणार नाही. पाटी वाचलीत ना?"

"म्हणजे बायकांना बंदी."

"बायकांना नाही, रिकाम्या हाताला बंदी. माझी सासू आली होती परवा. तिलाही परत पाठवली."

"ती परत आली नाही, एवढा फायदा झाला," ओळीतला एक म्हणाला. टेलर तो, बाजारातला, हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलेला. पुन्हा हशा. हे हसले नाहीत.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला दिवसभर इथं डांबून ठेवता. निदान प्रकृतीची चौकशी तरी करता का?"

"नाही," कंपाउंडर म्हणाला. "इथं कुणी कुणाला 'कसे आहात' विचारायचं नाही, हा दुसरा नियम."

माणुसकी म्हणून काही असते. मी तसं बोलून आले. वाटेत लक्षात आलं की उन्हातून जाऊन आले तरी कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं की ह्यांनीही नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं लिहिणार.

दुपारी तेल आणायला गेले. पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. हे देवघरासमोर मांडी घालून बसलेले. मला वाटलं, देव पावला. जवळ गेले तर हातात पेचकस, आणि देवघराच्या छोट्या दाराच्या बिजागरीचे तीन स्क्रू काढून मांडीवर ओळीनं ठेवलेले.

स्टूल ह्यांनी मोडलं. मूठ ह्यांनी, काठी ह्यांनी, टेबल ह्यांनी, घड्याळ ह्यांनी. मी तीन-तीन माळा ओढत होते आणि दृष्ट लावणारा घरातच डाळ-तांदूळ खात होता.

"देवाच्या दाराला हात लावताना काही वाटलं नाही?"

"परत बसवणारच होतो."

"घर मोडून दुरुस्त करायचं? हा धंदा?"

"काही मोडकं नाही म्हणालीस तू," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानं मी आणखी भडकले. "तिथं रिकाम्या हातानं जाता येत नाही."

"मग जाऊ नका."

"बरं."

"बरं काय बरं? चौतीस वर्षं लोकांचा माल तोललात, कधी घरात पाहिलंत मी काय काय जोडून ठेवलंय ते? मी सांधायचं, तुम्ही उचकटायचं."

ह्यांनी स्क्रू एकेक करून परत बसवले. नीट बसवले. मग खुर्चीत जाऊन बसले.

५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी देवापुढं बसून निश्चय केला आणि तक्रार लिहिली. खोली वाचनालयाच्या समितीची आहे, म्हणून समितीच्या चिटणिसांना. मॅट्रिकला निबंधात मी पहिली होते. लिहिलं की या खोलीत येणाऱ्यांना घरातून मोडकी वस्तू आणण्याची सक्ती होते, त्यापायी संसारातल्या धडधाकट वस्तू मोडल्या जातात, देवघरापर्यंत मजल गेली आहे. तिथं बायकांची टिंगल होते. माणसं घरी मुकी आणि तिथं वाचाळ झाली आहेत.

शेवटचं वाक्य खोडणार होते, पण स्वच्छ कागद एकच होता. राहू दिलं. टपालात टाकून आले.

१४ फेब्रुवारी, सोमवार

खोलीला कुलूप लागलं.

शेजारणीनं नोटीस वाचून सांगितली: "परिसरातील अनेक गृहिणींच्या तक्रारींवरून कार्यशाळा बंद करण्यात येत आहे." मी म्हटलं, अनेक कोण? ती म्हणाली, "मला काय ठाऊक, मी नाही केली." मी विषय भाजीकडं वळवला. दुपारी तिथून गेले तर सिमेंटच्या गोण्या उतरत होत्या. चिटणिसाच्या मेव्हण्याची सिमेंटची एजन्सी आहे, हे भाजीवालीला ठाऊक होतं. मलाच नव्हतं. माझ्या पत्राची वाटच पाहत बसला होता की काय मेला.

हे साडेअकराला घरी आले. चपला काढल्या, हातपाय धुतले. चिटणिसानं तक्रार सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती आणि कागद हलवून दाखवला होता. महिन्याचं सामान कोणत्या अक्षरात लिहिलेलं असतं हे ह्यांना एकोणतीस वर्षं ठाऊक आहे.

"अक्षर सुरेख आहे," म्हणाले.

एवढंच.

१६ फेब्रुवारी, बुधवार

बोलत नाहीत. पूर्वीही बोलत नव्हते, पण तेव्हाचं न बोलणं खुर्चीसारखं होतं, घरात पडलेलं. आता ते माझ्यावर रोखलेलं आहे.

ताटात वाढलेलं अर्धं परत येतं. मी म्हटलं, "अन्नावर राग काढू नका." उरलेलंही बाजूला सारलं.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. घर मोडणाऱ्याला अडवणं हा गुन्हा असेल तर देवानं मला शिक्षा द्यावी.

१९ फेब्रुवारी, शनिवार

टेलर आला होता. हे आत झोपले होते, दुपारचे झोपायला लागले आहेत. मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

त्याच्या हातात ह्यांचा रंधा होता. "खोलीत राहिला होता, वहिनी. सिमेंटखाली गेला असता."

"ठेवा तिथं."

ठेवला, पण गेला नाही. थरथरणारे हात पाठीमागं धरून उभा. "येतात का बाहेर? फिरायला वगैरे?"

"तुम्हांला काय करायचंय? तुमचा नियम आहे ना, चौकशी करायची नाही."

"तो खोलीतला नियम. खोली आता तुम्ही राहू दिली नाहीत." हे त्यानं अगदी मऊ आवाजात म्हटलं, त्यामुळं जास्त लागलं. मग म्हणाला, "वहिनी, चष्मा घरी ठेवून तळ्यावर कशाला जातं माणूस?"

"विसरले होते."

"घड्याळ?"

"तेही विसरले. पाकीटही. विसराळू झाले आहेत."

"तिन्ही ओळीनं मांडून?"

मी म्हटलं, "ओळीनं मांडले होते हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. रंधा मारताना, मान वर न करता. आम्हीही मान वर केली नाही." रस्त्यावरून सायकल गेली, ती जाईपर्यंत तो थांबला. "त्या बुधवारी कंपाउंडर आणि मी हातगाडीवर जुनं कपाट घेऊन तळ्याच्या रस्त्यानं चाललो होतो. हे कठड्यावर बसले होते. पाय पाण्याच्या बाजूला. कंपाउंडरनं काय झालं म्हणून विचारलं नाही. म्हणाला, साहेब, कपाट एका बाजूला कलंडतंय, एक टोक धरता का? हे थोडा वेळ बघत राहिले. मग पाय अलीकडं घेतले आणि येऊन टोक धरलं. खोलीपर्यंत आले. चार दिवसांनी दारात उभे, रिकामे. कंपाउंडर म्हणाला, असं नाही, उद्या काहीतरी घेऊन या. उद्या यायचं कारण पाहिजे ना माणसाला. खिळे घेऊन आले."

मी दार लावून घेतलं. चहा विचारला नाही. त्याला बरं वाटू देण्याची ताकद माझ्यात नव्हती.

आत जाऊन पाहिलं. हे कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. श्वास मोजला. मग फळीपाशी गेले. घड्याळ, पाकीट, चष्मा तिथंच होते. मी तिन्ही उचलून माझ्या डब्यांमागं ठेवले. पुन्हा वाटलं, लपवून काय उपयोग, उलट शोधतील. परत जागी ठेवले. पुन्हा उचलले.

आज जपाला बसवलं नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

शेजारणीला ह्यांच्याजवळ शिवणकाम घेऊन बसवलं आणि वाचनालयात गेले. चिटणीस मोठ्या टेबलामागं वर्तमानपत्र वाचत होते. फार अदबीनं बसायला सांगितलं. अदबीचीच चीड आली.

"तक्रार मागं घ्यायची आहे," मी म्हटलं.

"का बरं? उत्तम लिहिली होती तुम्ही. सभेत सगळ्यांनी वाहवा केली."

"मी एक तक्रार केली. तुम्ही अनेक केल्यात."

"बाई, एका घरची तीच दहा घरची."

"दहा घरं दाखवा. आणि गोण्या कोणाच्या घरच्या, तेही सांगा."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तक्रार मागं घेता येते, झालेला ठराव मागं घेता येत नाही. लेखी द्या, सभेपुढं ठेवू."

"सभा कधी?"

"तिमाही असते. मागची याच महिन्यात झाली."

म्हणजे तीन महिने. ह्यांनी तीन महिने खिडकीपाशी बसावं आणि मी तीन महिने फळी राखावी. मी म्हटलं, "तुमच्या घरात कुणी बाप्या माणूस आहे का रिटायर झालेला?"

"मीच आहे," चिटणीस म्हणाले, आणि स्वतःच चपापले. मग त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं आणि मी उठले.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला ह्यांनी चपला घातल्या.

"कुठं?"

"फिरायला."

"मी येते."

"कशाला?"

"माझे पाय, माझी मर्जी." चष्मा मी हातात धरून उभी होते. तो ह्यांनी पाहिला. मग मला पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं देव जाणे. आणि मला कळलं की मला कळलंय हे ह्यांना कळलं. त्यांचा चेहरा लाजेनं नाही, रागानं काळा झाला. चपला काढून भिंतीपाशी ठेवल्या आणि खुर्चीत बसले.

"टेलरची जीभ कापायला हवी," म्हणाले.

आठ दिवसांत मला उद्देशून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी ते पदरात घेतलं.

शेजारणीला पुन्हा बोलावलं आणि कंपाउंडरच्या घरी गेले. तो अंगणात एकटाच बादलीला बूड बसवत होता. मी म्हटलं, "बाहेरची खोली दहा बाय चौदा आहे. पलंग मी हलवीन. फळी तुम्ही आणा."

त्यानं बादली खाली ठेवली. "वहिनी, आमचे नियम..."

"तुमचे नियम तुमच्या खोलीत. माझ्या घरात माझा नियम. पाय पुसून यायचं, विडी बाहेर, आणि देवघराकडं हत्यार घेऊन फिरकायचं नाही. दहाला या."

"ते चालवून घेतील?"

"त्यांना विचारलेलं नाही."

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

आले. आठ माणसं, सोळा चपला, एक करवत दाराच्या पडद्यात अडकून पडदा फाटला. हे खुर्चीतून उठले ते थेट माझ्याकडं स्वयंपाकघरात. "हा काय तमाशा?"

"मोडकं आणलंय त्यांनी. रिकाम्या हातानं नाही आले."

"मला दया नको आहे."

"दया कोण करतंय? भुसा झाडताना माझी कंबर मोडणार आहे. जा, फळी कशी बसवायची ते त्यांना कळत नाहीये. भिंतीला भोक पाडतील."

गेले. भिंतीची काळजी म्हणून गेले.

पण दोन तास कुणी तोंड उघडलं नाही. खरवडल्याचा आवाज, ठोकल्याचा आवाज, खोकला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि त्यांना ठाऊक होतं की मी ऐकते आहे. घरात बाई असली की बाप्ये देवळातल्यासारखे होतात. मनात आलं, चहा घेऊन जावं, चार शब्द विचारावे. दुसरा नियम आठवला. नाही गेले.

१ मार्च, मंगळवार

आज उपाय सापडला. दार घट्ट लावून घेतलं आणि भांडी घासायला काढली, स्वच्छ असलेलीसुद्धा. मोठ्यानं घासली, आपटली, म्हणजे त्यांना वाटावं हिला काही ऐकू येत नाही.

थोड्या वेळानं पलीकडं कुजबुज सुरू झाली. मग टेलरचा आवाज. मग ह्यांचा.

"घाबरू नका," हे सांगत होते. "ती भांडी जितकी जोरात आपटते तितकं तिला स्वच्छ ऐकू येत असतं. एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे."

सगळे हसले. हेही हसले. माझ्या घरात, माझ्या भिंतीला भोक पाडून, मलाच हसले.

मी पातेलं आणखी जोरात आपटलं.

माझ्याशी अजून बोलत नाहीत, मीठ हवं असलं तर बोट दाखवतात. पण आज ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

३ मार्च, गुरुवार

अडचण आली. आठ घरांतलं मोडकं संपलं. टेलरच्या बायकोनं काल बजावलं की घरातली एकही वस्तू आता दाराबाहेर जाणार नाही. कंपाउंडर आज मोडलेला पाळणा घेऊन आला, तो कुठून आणला ते सांगत नाही. ह्यांच्या हाताला काम नव्हतं. अकराच्या सुमाराला पाहिलं तर नजर हळूहळू देवघराच्या दारावर गेलेली.

मी लगेच कागद घेतला. चिटणिसांना पाठवलेल्या पत्राची नक्कल इथं उतरवून ठेवते.

मा. चिटणीस यांस,
दि. ५ फेब्रुवारीची तक्रार मी एकटीने केली होती व ती मी मागे घेत आहे. आपल्या नोटिशीतील 'अनेक' हा शब्द माझा नाही, तो काढून टाकावा. पुढील सभेत मी स्वतः हजर राहून हे सांगेन आणि गोण्यांबद्दलही विचारेन, याची नोंद घ्यावी.
खोली उघडेपर्यंत ही माणसे माझ्या घरी येतील. मला हे आवडते असे आपण समजू नये. भुसा देवापर्यंत जातो.
दि. २१ फेब्रुवारीला आपण मला बसायला दिलेली खुर्ची तीन पायांवर उभी होती. वाचनकक्षात तशा आणखी सहा मोजल्या. त्या सातही इकडे पाठवाव्यात. मजुरी नाही, खिळे आमचे. हातगाडीचे एक टोक धरायला माणूस लागेल, तेव्हा आपण स्वतः आलात तरी चालेल. इथे आपल्याला कोणी काही विचारणार नाही.
इकडे काम उद्यापुरतेही उरलेले नाही. खुर्च्या केव्हा पाठवता ते उलट टपाली कळवावे.